कारंज्याचा बिनकाट्याचा निवडुंग

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आंजी गावात माझ्या मावशीची कालवड मोठी होत होती आणि घरचा चारा जेमतेम गाईपुरता होता. जनावरांचा व्यापारी कालवड विकत घ्यायला आतापासूनच चकरा मारू लागला होता. तेवढ्यात कळलं, कारंजा घाडगेला एक शेतकरी चाऱ्यासाठी बिनकाट्याचा निवडुंग लावतो. मला यात काहीतरी काळंबेरं वाटलं, म्हणूनच मी मावशीसोबत निघालो.

आर्वीला एसटी बदलावी लागली. जायचंच असेल तर थंडीत जा, उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या डब्यात माणूस शिजतो. कारंज्याच्या ढाब्यावर तिकिटापेक्षा चहा-भज्यांचे जास्त झाले, आणि तेल कधीचं होतं देव जाणे.

शेतकऱ्याचं नाव गुलाबराव. कुंपणाला काटेरी निवडुंग, आत मात्र सगळा गुळगुळीत! हा घरी बसून काटे खरवडत असणार, असं माझ्या मनात आलं.

"एवढं मोठं पान!" मावशी म्हणाली.

"पान नाई माय, खोड हाय ते. पानं हे पाहा."

कोवळ्या फडीवर, म्हणजे त्या चपट्या खोडावर, हिरवी टोकं उभी होती. मी लगेच धरलं, "मंग हे काटे नाई त काय हायेत?"

"पानंच हायेत भाऊ. थोड्या दिवसानं गळून जातात."

मावशीनं एक टोक तोडून दाताखाली धरलं. "आंबट हाय," म्हणाली आणि पोतंभर फड्या मागितल्या.

"सावलीत सुकू देजा," गुलाबराव म्हणाला. "चीर वाळली का मुरमाड बांधावर लावजा, काळ्या जमिनीत सडते. चारताना केसावानी बारीक कूस असते, तेवढी घासून टाकजा."

सुकवायच्या, म्हणजे मेल्या तरी दोष आपलाच! येताना एसटीत मी चिडून म्हणालो, "फसवलं त्यानं तुले."

"कालवड माही हाय, तुही नाई," मावशी म्हणाली.

पुढे आंजीला गेलो की मी आधी बांधावर जायचो. हिरवी टोकं खरंच गळली. आता काटे येतील म्हणून बोट फिरवायचो, तर फक्त कूस टोचायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात मावशीनं फड्या घासून, चिरून कडब्यात मिसळल्या. कालवडीनं हुंगून तोंड फिरवलं. माझंच खरं ठरत होतं, पण मला रडू यायचं बाकी होतं. मावशी मूठ पुढे धरून तशीच बसून राहिली. शेवटी कालवडीनं जीभ लावली, मग टोपलं साफ केलं.

माझा संशयी स्वभाव काही त्या प्रवासानं गेला नाही. पण मनात राहिलाय तो पुढचा आठवडा. व्यापारी दोर घेऊन दारात आला. मावशीनं त्याला बसायला दिलं, चहा ठेवला.

"च्या पेऊन जाजो भाऊ," ती म्हणाली. "दोर घेऊन जाजो आपला."