बहिणीची पत्रिका आणि बोटभर लिंक

आमच्या घरात कॉम्प्युटरचा कोर्स केलेला मी एकटाच, त्यामुळे बहिणीच्या लग्नाची पत्रिका बिघडवायचा मान आपोआप माझ्याकडे आला.

कार्यालय हिंगोलीच्या बाहेर. पाहुणे चुकू नयेत म्हणून पत्रिकेवर नकाशाची लिंक टाकायची, ही कल्पना माझीच. लिंक निघाली अडीच ओळींची. छापखानेवाला म्हणाला, "भाऊ, ही टाकली तर नवरदेवाचं नाव कुठं टाकू?"

मग एका फुकटच्या साईटवरून मी ती बोटभर करून आणली.

"चालते ना बराबर?" बाबांनी विचारलं.

"जन्मभर," मी म्हणालो. (साईटवर खाली 'काही दिवस मोफत' असं लिहिलेलं होतं. पण बारीक अक्षरं वाचायला आमच्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.)

पत्रिका वाटून झाल्या आणि शिरड शहापूरहून नवरदेवाच्या वडिलांचा फोन आला. आवाज एकदम थंड.

"पोरगं पसंत न्हाई तर तवाच सांगायचं. पत्रिकेतून काहून टोमणे मारून राहिले?"

मी घाबरून लिंक उघडली. मुदत संपल्यावर साईटनं ती परस्पर एका तेलाच्या जाहिरातीवर वळवली होती. 'टक्कल? आता लाजू नका!' आणि नवरदेवाचे केस, खरं सांगायचं तर, उरलेसुरलेच होते.

बहीण माझ्याशी बोलेना. बाबा आणि मी मिळेल त्या एसटीनं शिरडला पोचलो. जयभीम झाला, चहा काही आला नाही. लिंक आखूड कशी होते हे मी समजावू लागलो, तसतसं सोयऱ्यांचं तोंड लांब होत गेलं.

"म्हंजे नकाशा बघायला गेलं की तेल घ्यायचं?"

"न्हाई मामा. ती लिंक मेली."

"लग्नाच्या आधीच?"

तेवढ्यात आतून नवरदेव आले. "भांडता काहून? मला वाटलं, सासुरवाडीनं काळजीनं सुचवलं. मी तर बाटली मागवून बी टाकली."

आधी बाबा हसले, मग सोयरे, आणि मग चहा आला.

"बरं, कार्यालय हाय तरी कुठं?" सोयऱ्यांनी बशीत फुंकर घालत विचारलं.

"नरसीच्या रोडला, पेट्रोल पंपाच्या मागं," बाबा म्हणाले.

"मग हेच छापायचं की."

लग्नात मला एकच काम दिलं गेलं. फाट्यावर उभं राहून पाहुण्यांना हातानं रस्ता दाखवायचा. संध्याकाळपर्यंत मी अखंड चालू होतो, तेही फुकट आणि मध्ये एकही जाहिरात न दाखवता.