चुंबकासाठी ओली तरटं

बायकोच्या उजव्या हातातून वस्तू निसटायला लागल्या तेव्हा आम्ही दोघांनीही ते वयावर ढकललं. कपबशी फुटली, ती हसली. पण एकदा भाकरी उलटताना तिचं बोट तव्याला टेकलं आणि तिला ते कळलंच नाही. वास आला म्हणून मी ओरडलो. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

परभणीच्या डॉक्टरांनी मान, खांदा, कोपर सगळं तपासलं. म्हणाले, मानेत शीर दाबली असेल, नाहीतर गाठ असेल. नक्की सांगायला आतलं चित्र पाहिजे आणि ते काढणारं चुंबकाचं मशीन हैदराबादला आहे. ‘गाठ’ म्हटल्यावर तिने जायचंच नाही असं ठरवलं. दोनदा तयारी झाली आणि दोनदा तिने भरलेली पिशवी खुंटीला परत अडकवली. मी सोनपेठला जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या काट्यावर होतो. काट्यावर चढल्याशिवाय कुठलंही वजन न मानण्याची मला सवय. डॉक्टरांचं ‘असेल, नाहीतर असेल’ मला झोपू देत नव्हतं.

शेवटी मे महिन्यात ती आपणहून म्हणाली, “चला, येते एकदा. पर तिथून तसंच माघारी आणलं तर पुन्हा पाय टाकणार न्हाई. आधीच सांगून ठेवते.”

विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या काळात एसटी कधी बंद पडेल याचा भरवसा नसे, म्हणून आम्ही एक दिवस आधीच परभणी गाठली आणि तिथून रेल्वेने हैदराबाद.

तपासणी केंद्रात मशीन चालवणारा माणूस सडपातळ होता, कानावर पेन्सिल खोचलेली. आमचा कागद बघून त्याने मान हलवली. “आज मुश्किल है साब. चुंबक कू गर्मी से बचाना है.”

“चुंबकाला ऊन लागतंय व्हय?” बायकोने मला विचारलं. त्याला मराठी समजत होतं.

“हौ अम्मा. बहुत नाजूक है.”

मी विचारत गेलो, तो सांगत गेला. मशीनच्या बोगद्याभोवती तारेची गुंडाळी असते. ती पातळ केलेल्या हेलियम वायूत बुडालेली, शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांवर. हा आकडा मी त्याला दोनदा विचारून घेतला. एवढ्या थंडीत त्या तारेत एकदा सोडलेली वीज न अडता फिरत राहते, तार जराही तापत नाही. हेलियम उडून जाऊ नये म्हणून त्याला गार ठेवणारं एक यंत्र असतं. त्या यंत्राला गार पाणी लागतं. आणि ते पाणी गार करणाऱ्या दोन पेट्या गच्चीवर. त्यातली एक बिघडलेली, तिचा सुटा भाग बाहेरगावाहून यायचा होता.

“पाणी तापलं तर?”

तापलं तर यंत्र थांबतं आणि हेलियम उकळून कमी होतं. फारच कमी झालं की तार कुठेतरी तापते, तिथे वीज अडते, आणि मग सगळी उष्णता एकदम बाहेर पडते. उरलेला हेलियम वाफ होऊन नळीतून निघून जातो. मग कित्येक दिवस कोणाचंच चित्र निघत नाही.

“पानी बीस के ऊपर गया तो मैं किसी कू अंदर नहीं लेता,” तो म्हणाला. भिंतीवरच्या तापमापकावर काटा विसाच्या पुढे होता आणि ऊन अजून चढायचं होतं.

बायकोने पिशवीचे बंद आवळले. “चला. मशीनच नको म्हणायलंय.”

ती खरंच निघाली असती. मी त्या माणसाला म्हणालो, मला गच्ची दाखवा.

वर फरशीवर पाय टेकवत नव्हता. लोखंडी जाळीची पेटी आणि तिच्या डोक्यावर गरगरणारा पंखा. त्या जाळीतून ती तापलेली हवा ओढत होती. आमच्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो, त्यामुळे मला एकच गोष्ट सुचली. तरटं ओली करून लावता येतील का, असं विचारलं.

“मेरे कू भी मालूम है साब. तरटां हैं, रस्सी है. दिनभर पानी डालने कू आदमी कां है?”

“मी आहे की.”

मागून बायको म्हणाली, “काटा सोडून आता पखाल धरली का?”

मी लगेच एक ओलं तरट जाळीवर पांघरायला गेलो, माठाला फडकं गुंडाळतात तसं. त्याने माझा हात धरला. “चिपकाओ नक्को! हवा रुकी तो मशीन मरी.” मग आम्ही जाळीपासून हातभर लांब दोरी बांधली आणि तरटं तिच्यावर सोडली. गच्चीवरच्या टाकीतून बादली भरायची आणि मगाने वरून पाणी सोडायचं. तो खाली जाऊन जिन्यातून आकडे ओरडायला लागला. बराच वेळ एकच आकडा येत राहिला. मग साडे उन्नीस आलं. मग उन्नीस. त्यानंतर थोडं थांबून त्याने बायकोला हाक मारली.

अंगावर धातू चालत नव्हता. ती मंगळसूत्र आणि जोडवी घेऊन गच्चीच्या दारात आली.

“खिशात नका ठेवू. वाकताल न् सांडताल.”

“मग कुठं ठेवू?”

“घाला की गळ्यात,” म्हणाली आणि हसली. कपबशी फुटल्यापासून पहिल्यांदाच.

मी सगळं रुमालात बांधून मनगटाला गाठ मारली. “खाली येऊन बसू का?”

“आत कुणालाच येऊ देत न्हाईत. बाहेर घड्याळ बघत बसताल. हितंच ऱ्हावा. वर तुमी पाणी घालायलाव एवढं ठाऊक असलं की म्या गुमान निजते.”

ती गेली. चित्र कधी सुरू झालं ते मला कळायला मार्ग नव्हता. पेटीची घरघर जड झाल्यासारखी वाटली, तेव्हा मनाशी धरलं की ती आता बोगद्यात असेल. मी पाणी सोडत राहिलो. जिनिंगमधला माणूस, येईल ते मोजणारा. पण किती बादल्या झाल्या ते त्या दुपारी मोजलं नाही. तरट कुठे कोरडं पडतंय तेवढंच बघत होतो.

ती परत आली ती पदर घट्ट लपेटून. “आत लय गार हाय बाई. न् ठोकाठोकी किती! जिनिंग बरं.” मी तिला मंगळसूत्र घालायला गेलो, पण ओल्या बोटांना फासा सापडेना. खालून आवाज आला, “साब, और एक मरीज है, डालते रहो!” ती पाठ करून उभी होती, तशीच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या ते. बादली भरा आधी.”

चित्रात गाठ नव्हती. मानेतली चकती सरकून शिरेवर दाबत होती. त्यावर शस्त्रक्रिया झाली आणि हात बारा आणे परत आला, चार आणे राहिले. ती म्हणते, राहू दे.

अजूनही उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी तीच घालते, हट्टाने उजव्या हाताने. थोडं फरशीवर सांडतं. मी नंतर पुसून घेतो.