खिडकीतला लोखंडी क्रूस

ते चित्रण मी एकदाच पाहिलं. अजून विसरता आलेलं नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. वसई पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात मी अधिकारी होतो. सकाळीच वरिष्ठांचा फोन आला. वालीवच्या एका कारखान्याच्या आवारात भटकी कुत्री सळईने मारतानाचा व्हिडिओ कुणीतरी इंटरनेटवर टाकला होता. "शांतता बिघडेल. दुपारपर्यंत काढून टाका." इंटरनेट म्हणजे भिंतीवरचं पोस्टर, अशी साहेबांची समजूत असावी.

खबऱ्याने नाव आणलं. शाळेत शिकवणाऱ्या, जखमी जनावरं उचलून नेणाऱ्या एक टीचर. त्यांना बोलावलं.

"टीचर, असलं रक्त लोकांना दाखवायचं कशाला?"

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"मग काढायला कसं सांगता, साहेब? तीन अर्ज दिले, कुणी फिरकलं नाही. व्हिडिओ टाकला तर लगेच बोलावणं!"

हवालदार खोकला. अर्ज त्याच्याच कपाटात होते.

ठाण्याच्या संगणकावर फक्त टायपिंग होई, म्हणून टीचरना घेऊन समोरच्या सायबर कॅफेत गेलो. मारणाऱ्याचा चेहरा धूसर होता, कुत्र्याचा आवाज मात्र स्वच्छ. चित्राच्या कडेला खिडकीचे हिरवे गज दिसत होते, मधे लोखंडी क्रूस.

"ही खिडकी कुणाची?"

"आमचीच. आई दिवसभर एकटी असते." टीचर म्हणाल्या.

कॅफेवाला हळूच म्हणाला, "साहेब, काल दोघं येऊन हेच बघत होते. थांबवून थांबवून. कुत्र्याकडं नाय, त्या गजांवर बोट ठेवून."

ग्राहकांची वही आम्हीच सक्तीची केली होती आणि कधी उघडली नव्हती. त्यात एकाने खरं नाव लिहून सहीही ठोकली होती. टीचरनी नाव ओळखलं. कारखान्याचा मुकादम.

जीप पळवली. घराचं दार सताड उघडं. टीचर आत धावल्या. म्हातारी मासळी साफ करत होती.

"परत आले? आताच तुमचे दोन पोलीस येऊन गेले. पोरगी कधी येते, कुठल्या वाटेनं येते, सगळं इचारलं. मी पानी दिलं."

आम्ही कुणालाही पाठवलं नव्हतं.

मुकादमाला कारखान्यातच धरलं. "कुत्र्यांपायी एवढं, साहेब?" तो हसला. कुत्र्यांपायी त्याला फारसं काही झालंही नसतं. पोलीस असल्याची बतावणी त्याला महागात पडली. तरी जामीन मिळालाच.

टीचरनी त्याच दुपारी व्हिडिओ स्वतःच काढला. हुकमाला न जुमानणारी बाई आईच्या काळजीने नमली. तत्पर कारवाईबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. मी खुलासा केला नाही, याची लाज वाटते.

आजही कुणी म्हणालं, 'बघवत नाही, बंद करा ते', की मी आधी विचारतो: हे टिपणारा माणूस आता कुठे आहे, आणि त्याच्या घरी एकटं कोण आहे?