उपाशीपोटी तपासणी

दवाखान्यातून फोन आला, "तपासणीचं ठरवायला उद्या सकाळी या." मला फोनवर जास्त विचारायला होत नाही. तपासणी म्हणजे उपाशीपोटी, एवढं मला ठाऊक. मागे दोघांचंही रक्त घेतलं होतं, म्हणून आमच्या ह्यांनाही चहा दिला नाही. कात्रजहून बसने पोहोचेपर्यंत दहा वाजले.

तिथल्या बाईंनी नीट सांगितलं. माझ्या बीजांपासून तीन गर्भ तयार झाले होते, बाहेर बशीत वाढत होते. पोटात ठेवण्याआधी कुठला धड आहे ते तपासता येतं. तपासायचं की नाही, ते आम्ही आजच सांगायचं.

मी हात पुढे केला.

"अहो ताई, तपासणी तुमची नाही, गर्भांची."

"म्हणजे माझा चहा उगाच बुडाला," हे म्हणाले.

बाई हसल्या. "आधी खाऊन या, मग ठरवा."

समोरच्या हॉटेलात ह्यांनी दोन प्लेट पोहे सांगितले. मालक म्हणाला, "दोनच? चेहरे चार प्लेटचे दिसतायत."

पोहे खाताना हे म्हणाले, "तीनच तर आहेत. तिन्ही बाद ठरवले तर? त्यापेक्षा ठेवू दे, होईल ते होईल."

त्यांचं चूक नव्हतं. पुन्हा सुया घ्यायच्या नाहीत, ही शेवटचीच खेप, असं आमचं ठरलेलं. पण याआधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळी मी कुंची शिवायला घेतली होती. ती अजून ट्रंकेत अर्धीच आहे.

"नाही म्हणायचं असेल तर आधीच म्हणू दे," मी म्हणाले. "पोटात आल्यावर नको."

ह्यांनी आपल्या पोह्यांवरचं खोबरं माझ्या बशीत सारलं.

परत गेल्यावर मी त्या दवाखान्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. "त्यांना लागणार नाही ना काही?"

"बाहेरच्या बाजूच्या थोड्या पेशी काढतात. धोका कमी आहे, पण अजिबात नाही असं नाही. आणि क्वचित तपासणीही चुकते."

खरं सांगितलं, ते बरं वाटलं. मी सही केली, मग ह्यांनी.

त्याला दोन आठवडे झाले. आज रिपोर्ट सांगणार आहेत. हे मघापासून शर्ट घालून बसलेत.

"आज चहा घेऊ ना?"

"घ्या," म्हटलं. मी तर दोन पोळ्या खाऊन लिहायला बसलेय.