उठाबशांचा नियम

आमच्या काकांनी नगरपालिकेत दोनच गोष्टी बदलल्या, असं त्यांचे विरोधक म्हणतात: मत द्यायची पद्धत आणि खुर्च्या. समर्थकही तेवढंच म्हणतात, फक्त जरा आवाज चढवून.

काका पहिल्यांदा निवडून आले तेव्हा ठराव ‘हो, हो’च्या गलक्यात मंजूर व्हायचे. अध्यक्षांना जे ऐकायचं असेल तेच ऐकू यायचं. काही सभासद झोपेतच ‘हो’ म्हणायचे. फारच गाढ झोपलेल्याला शेजारचा दंडाला धरून हलवायचा. काकांनी सगळ्यांचं डोकं खाऊन नियम करून घेतला. ठरावाच्या बाजूचा असेल त्यानं उभं राहायचं, स्वतःच्या पायांवर, कुणी न उठवता. बसलेला तो विरोधात. गाव त्याला उठाबशांचा नियम म्हणायला लागलं. मग काकांनी हातांच्या गुबगुबीत खुर्च्या काढायला लावून बिनहाताच्या लाकडी आणवल्या. डुलकी लागली की माणूस थेट जमिनीवर.

तिसरी गोष्ट मात्र होता होईना. अख्ख्या गावाचा कचरा सफाई कामगारांच्या वस्तीमागे पडायचा. काकांनी भर सभेत शब्द दिला, “कचरा हलेपर्यंत मी तिथेच राहीन.” शब्द काकांनी दिला, घर काकूनं हलवलं. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे आलो तेव्हा काकू म्हणाली, “थोडे दिवस कळ काढ, आपण इथून जाणारच आहोत.” मी शिकून नोकरीला लागलो, तरी आम्ही जाणारच होतो. त्यांची मुलगी माहेरपणाला कधी राहिली नाही. वासानं तिच्या पोराला उलट्या व्हायच्या. नातवाला बघायचं तर काकूच बसनं जायची.

यंदा माणसं जुळली. एका मतानं का होईना, कचरा हलवायचा ठराव होणार होता. काकांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं. “ठराव होऊ दे, मग बघू,” एवढंच ते म्हणायचे. सभेच्या दिवशी सकाळीच काकूनं मांडणीवरची भांडी खोक्यात भरायला घेतली.

“अगं, आधी होऊ तर दे,” मी म्हटलं.

“सगळी माणसं धरून ठेवलीत त्यांनी.”

“आणि गुडघे?”

“मेल्या, चांगलं बोल की जरा!”

एरवी मतदान जवळ आलं की काका आधीच उठून खिडकीपाशी उभे राहायचे. त्या दिवशी कचऱ्याचा कंत्राटदार, जो सभासदही होता, बोलतच राहिला आणि मध्येच गपकन खाली बसला. काका अजून खुर्चीतच, तोवर अध्यक्षबाईंनी मत पुकारलं. ठरावाच्या बाजूचे सगळे उभे राहिले. काकांनी समोरचं टेबल रेटलं, तर टेबलच पुढे सरकलं. ते अर्धवट उठले आणि परत बसले. मी मागे लोकांच्या बाकावर होतो.

शिपाई धावला, त्यानं काकांच्या काखेत हात घातला.

“आता उचलून मतं घ्यायची का?” कंत्राटदार म्हणाला. “नियम कुणाचा आहे, आठवतंय ना?”

काकांनी शिपायाचा हात सोडवला. पुन्हा जोर लावला. कुणी हसलं नाही, ते बरं झालं की वाईट, मला कळलं नाही.

अध्यक्षबाई काकांच्याच हाताखाली तयार झालेल्या. “काका, पाणी घ्या. आम्ही थांबतो. तुमचं मत सगळ्यांना माहीत आहे.”

“माहीत असण्यावर मत धरायचं नाही, बाई. त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला.”

“मग काय लिहू?”

“बसलोय ते दिसतंय ना?”

काकांचं मत विरोधात धरलं गेलं. ठराव एका मतानं पडला. पुढचा विषय दिव्याच्या खांबांचा होता. काका शेवटपर्यंत थांबले. तसंही उठवत नव्हतंच. सभा संपल्यावर शिपायानं आणि मी त्यांना उठवलं. तेव्हा नियमाची अडचण नव्हती.

घरी आलो तर बाहेरच्या खोलीत खोकी दोरीनं बांधून तयार. काकूनं आमच्या तोंडांकडे पाहिलं.

“नाही?”

“नाही,” काका म्हणाले.

ती रडेल असं मला वाटलं. ती खाली बसली आणि दोरीची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट होती, दात लावावे लागले. मग एकेक भांडं पुसून तिनं मांडणीवर जिथल्या तिथं ठेवलं. मी मोठी पातेली वर दिली.

“मी घेऊ का काही?” काकांनी पलंगावरून विचारलं.

“तुम्ही बसा,” काकू म्हणाली.