शेवरा, बालंक्या आणि पांढरं पॉलिश

माझ्या मुलीचं भविष्य मी एका सकाळी वीस मिनिटांत पांढरं करून ठेवलं. हेतू स्वच्छ होता. फारच स्वच्छ होता!

मी लातूरच्या शाळेत तीस वर्षं पी.टी.चा मास्तर. शनिवारी कवायत, आणि कवायतीआधी बूट-तपासणी. कॅनव्हासच्या बुटावर डाग दिसला की पोराला मैदानाच्या दोन चकरा. मी निवृत्त झालो, नजर झाली नाही. त्यात भूकंपापासूनची एक सवय. दारातली सगळी पायताणं मी रोज पहाटे तोंड बाहेर करून, नाड्या सैल करून लावतो. पाय घातला की पळता आलं पाहिजे! वरच्या मजल्यावर क्लासच्या सहा मुली भाड्यानं राहतात, त्यांच्याही चपला मीच वळवतो. (एकीनं पहिल्याच आठवड्यात घरी फोन केला, “आई, घरमालक चपलांशी खेळतात.”)

आमची शलाका दोन वर्षं डॉक्टरकीच्या क्लासला जात होती. तिच्या वहीत हृदयाची आकृती शोधायला गेलो तर पानोपानी बूट! कुठला नवा बूट कधी बाजारात येणार, त्याचा तळ कसा, टाच कशी, सगळं तोंडपाठ.

“बूट न्हाई पप्पा, स्नीकर!”

“पायातच घालतात ना? मग बूटच.”

शेवटी करार झाला. नांदेडला एका डिझाइन कॉलेजात मुलाखत होती. स्वतः रंगवलेली एक जोडी घेऊन यायची होती. तिला घेतलं तर ती मोकळी. नाही घेतलं तर पुन्हा एक वर्ष क्लास, आणि बुटाचं नाव काढायचं नाही. ती एका दमात “हाव” म्हणाली.

महिनाभर ती दार लावून काहीतरी करत होती. “आधी दाखवणार न्हाई,” एवढंच सांगायची. मुलाखतीच्या दिवशी पहाटे मी दारातली पायताणं वळवायला गेलो, तर तिचे नवेकोरे पांढरे बूट उंबऱ्यापाशी, आणि त्यांच्यावर हे एवढाले काळे डाग! लेक मुलाखतीला निघाली आणि बूट असे? ब्रशनं घासले, निघेनात. मग मी माळ्यावरून माझी जुनी बाटली काढली. पांढरं पॉलिश! एक हात दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. नाड्या सैल केल्या, तोंडं बाहेर केली. बूट असे चकाकले की मी स्वतःशीच सावधान झालो.

तेवढ्यात शलाका बाहेर आली.

“पप्पा... माझे डाग कुठं गेले?”

“काढले!” मी अभिमानानं म्हणालो.

ती मटकन उंबऱ्यावर बसली. आतून सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, धावत आली. “अहो, काय करून राहिलात? देवणी बैलाचे डाग होते ते! महिनाभर रंगवले पोरीनं!”

माझा जन्म देवणी गावचा, ही बैलं तिथलीच. आमच्या गोठ्यात चार देवणी बैल होते, त्यांच्या अंगावर हात फिरवत मी मोठा झालो. आणि मला ते ओळखू आले नाहीत! लई वाईट वाटलं.

मग एकच धांदल उडाली. बस सुटायला पाऊण तास उरलेला. सुनंदा ओल्या फडक्यानं पुसतेय, मी पुसतोय, वरच्या सहा मुली अभ्यास सोडून सल्ले देतायत. खालचा रंग पक्का होता म्हणून वाचलो. पण निघायची वेळ झाली तेव्हा एकाच बुटाचे डाग परत आले होते. बसमध्ये मी पाण्याची बाटली काढून दुसरा घासायला घेतला, तर शलाकानं माझा हात धरला.

“थांबा पप्पा. आज्ज्याचा तो सगळा पांढरा बैल, त्याला काय म्हणायचे?”

“बालंक्या. आन् काळ्या डागांचा तो शेवरा.”

“मग राहू द्या हा असाच.”

कॉलेजच्या व्हरांड्यात मी दीड तास उभा होतो. शाळेत कुणाला एवढी शिक्षा दिली नव्हती. शलाका बाहेर आली ती हसत.

“त्यांनी विचारलं, दोन बूट दोन तऱ्हेचे का? मी म्हणलं, आमच्याकडं बैलजोडी अशीच असते. एक शेवरा, एक बालंक्या. लई आवडलं त्यांना! मग म्हणाले, हा पांढरा रंग कसा दिला?”

“तू काय म्हणालीस?”

“खरं सांगितलं. सगळे पोट धरून हसले.”

पंधरा दिवसांनी पत्र आलं. घेतलं तिला! मी ते पत्र तीनदा वाचलं आणि चष्मा पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले.

परवा तिनं कॉलेजात केलेली पहिली जोडी घरी पाठवली. खोक्यावर लिहिलंय, “उन्हात ठेवू नये. पाणी लावू नये. पप्पांच्या हाती देऊ नये.” मी हात नाही लावला, लांबूनच बघितली. झकास आहे, खोटं कशाला बोलू! फक्त उजव्या टाचेपाशी जरासं मळल्यासारखं वाटतंय, आणि सुनंदा बाटली कुठं लपवलीय ते काही सांगत नाही.