फटफटीवरून पडलेला येसाजी

तळा गावाच्या आसपास येसाजी घोलेला ओळखत नाही असा माणूस त्या काळी शोधून सापडला नसता, आणि त्याच्या फटफटीबद्दल चांगलं बोलणारा तर नाहीच नाही. बिचारी फटफटी! लढाईत मिल्ट्रीचं टपाल वाहिलेली, मग लिलावात मोडीत निघालेली. मुंबईच्या एका गॅरेजात राबताना येसाजीने तिचा एकेक भाग जमवला, जोडला आणि पन्नास साली ती गावाला आणली. दहा वर्षांत तिने त्याला एकदाही पाडलं नाही. पण गावात बोलबाला असा, की येसाजी दर महिन्या-दोन महिन्यांनी फटफटीवरून पडतो आणि पडतो तो नेमका दोन्ही हातांच्या मुठींवर.

खरी गोष्ट अशी, की गडी भडक डोक्याचा होता. बाजारात कुणाचा धक्का लागला, कुणी डोळे वर करून पाहिलं, की याचा हात आधी उठायचा. वाट दिली नाही म्हणून त्याने एका गाडीवानाला असा हाणला, की तो महिनाभर पेजेवर होता. असं काही झालं की दादू आणि शिवदास हे त्याचे दोघे जिवलग त्याच्या आधी घरी पोचायचे आणि त्याच्या बायकोला सांगायचे, "वैनी, घाबरू नको. फटफटीवरनं पडला."

मनुबाई हळदीचं पाणी करून त्याच्या मुठी धुवायची. एकदा धुता धुता तिला त्याच्या बोटाच्या सांध्यात रुतलेला दाताचा तुकडा सापडला. तो तिने दादूपुढे धरला.

"रस्त्यावर खडी आता पांढरी बी टाकतात व्हय रं, दादू?"

दादूने खाली मान घातली. त्या दिवसापासून मनुबाई कुणाच्या तोंडचं ऐकेनाशी झाली. नवरा घरी आला की ती आधी त्याचे हात बघायची.

मग भादव्यात एका संध्याकाळी पाहुण्यांदेखत तिने एवढंच विचारलं, "आज कुठं पडलात?" येसाजीने तिचं मनगट धरून पिरगाळलं. पाच हिरव्या बांगड्या तिच्या मनगटातच फुटल्या आणि काचा मांसात गेल्या. रक्त पाहून त्याने हात सोडला. पण सोडून काय उपयोग? सकाळी ती उठली आणि हरिहरेश्वरच्या खाली वाडीत माहेर होतं, तिकडे निघून गेली. चार दिवसांनी निरोप आला: शिमग्यापर्यंत कुणाला मारलं नाही, तर शिमग्याला न्यायला या. मी हात बघीन आणि येईन.

सहा महिने येसाजीने कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. बाजारात पोरंसोरं मुद्दाम खांदा मारून जायची आणि तो ओठ चावत उभा राहायचा. मला त्याची दया येत नाही, पण त्याने दात आवळून ते दिवस काढले, हे मान्य करायला हवं.

साठ सालच्या शिमग्यात उजाडता उजाडता तिघे निघाले. मागून आणलेल्या दुसऱ्या एका फटफटीवर शिवदास आणि त्याच्या मागे दादू. येसाजी एकटाच, मागच्या बैठकीवर गोधडीची घडी बांधलेली. संध्याकाळी तिच्यावर मनुबाई बसायची होती. कच्चा रस्ता, वर सुटी खडी, मागे धुळीचे लोट. तिघेही पोरांसारखे ओरडत होते. म्हसळ्याअलीकडे आंब्याखाली बसून त्यांनी भाकरी आणि सुकट खाल्ली. दादू म्हणाला, "येश्या, येताना वैनीला शिवदासच्या मागं बसव. तुज्या मागं बसली तर फटफटीवरनं पडंल." येसाजी इतका हसला की त्याला ठसका लागला. वर्षभरात तो असा हसला नव्हता.

म्हसळा सोडलं आणि एका वाडीच्या वळणावर दोर वर आला. शिमग्यात वाट अडवून पोस्त मागायची रीत कोकणात सगळीकडे. दोर आडवा धरायचा, वाटसरूने काहीतरी द्यायचं, चार शिव्या हसत ऐकायच्या आणि पुढे जायचं. पण हे लोक बैलगाड्या अडवणारे. फटफटी केवढ्या वेगाने येते, हे त्यांना काय माहीत! काथ्याचा दोर येसाजीच्या छातीवर बसला. चाक खडीवर घसरलं, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा तो फटफटीवरून खरोखर पडला. दोन्ही मुठी खडीवर खरवडत गेल्या.

दोर धरणारा बाईचं सोंग घेतलेला दांडगा गडी होता. नऊवारी, तोंडाला सफेत्याचा पांढरा थर, हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. तो पोट धरून हसत होता.

"पडला गो बाय, माजा घोव पडला! पोस्त दे आनि उठ!"

त्याच्या मनात काही पाप नव्हतं. शिमगा होता, तो हसणारच. पण येसाजी उठला तेव्हा त्याला ऐकू येत नव्हतं आणि धड दिसतही नव्हतं. हात सोलपटलेले, म्हणून त्याने पाय चालवला. पहिली लाथ पोटात. गडी खाली कोसळला. मग मिल्ट्रीच्या बुटांची, खिळे मारलेली टाच तोंडावर, कानावर, आणि तोंड झाकायला वर आलेल्या हातांवर. बांगड्या कडाकड फुटल्या. दादूने मागून कमरेला मिठी मारली, शिवदासने केस धरले, तरी तो लाथा झाडतच होता. वाडीतून माणसं धावत येताना दिसली तसं दोघांनी त्याला ओढत फटफटीवर घातलं आणि तिघे पळाले.

दोन मैलांवर ओढ्याशी थांबले.  शिवदास म्हणाला, "हात खडीनं सोललेत, दिसतंय ना? वैनी हातच बघते. आपन गप्प ऱ्हायचं." येसाजीने बूट वाळूत घासून पुसले. त्याला स्वतःची किळस आली, आणि तरी तो गप्प राहायला तयार झाला.

मनुबाई ओटीवर वाट बघत होती. गाठोडं बांधून तयार होतं. येसाजी ओटीच्या कडेला बसला, आणि तिने हात पुढे केला. त्याने मुठी तिच्यापुढे धरल्या. तिचा चेहरा पडला.

"वैनी, या बारीला खरंच पडला," दादू म्हणाला. "देवाची आन."

तिने सुई आणली. एकेक जखम उघडून पाहिली. काळे बारीक खडे निघाले, एक, दोन, मग कितीतरी. तिचे डोळे भरून आले. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिने दोन्ही मुठी बांधल्या आणि पट्टीच्या टोकांची दुहेरी गाठ मारली.

"पाय धुवा. दोन घास खा, मग निघू."

"नको. तसाच जाऊ. उशीर व्हईल."

"माझ्या बापाच्या घरनं उपाशी जाल?" ती हसली, खाली बसली आणि स्वतःच त्याच्या बुटाची नाडी सोडू लागली. त्याने पाय मागे घेतला. तिने तो धरून ठेवला. बूट निघाला, आडवा झाला, आणि टाचेच्या दोन खिळ्यांमध्ये अडकलेला हिरव्या काचेचा तुकडा तिला दिसला. त्याला रक्त होतं.

तिने तो उपटून तळहातावर घेतला. दुसऱ्या हाताने ती नकळत आपलं मनगट चोळत होती. तिथे पाच पांढरे वण होते.

"बाईमानसाला मारलंत?"

"बाई न्हवती गं. सोंग व्हतं," येसाजी म्हणाला, आणि आपण काय कबूल केलं ते त्याला बोलल्यावर कळलं.

 काच मनुबाईने त्याच्यापुढे ठेवली, गाठोडं उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.  तिला हाक मारायचं येसाजीला तोंड नव्हतं.

परतीला रस्ता एकच. सकाळचं वळण यायच्या आधी येसाजी थांबला. बूट काढून त्याने झुडपात भिरकावले आणि दोघांना म्हणाला, "तुमी हितंच थांबा. पुढं आलात तर आपली दोस्ती मोडली." दोघे रडकुंडीला आले, पण थांबले.

दोर आता दोन झाडांना बांधलेला होता. वीस-पंचवीस माणसं होळीच्या लाकडांतले सोटे घेऊन उभी होती. येसाजी अनवाणी त्यांच्यात गेला.

"सकाळी म्या मारला. गुन्हा माझा हाय."

पहिला सोटा पाठीत बसला, दुसरा गुडघ्यावर. तो खाली बसला, तेव्हा कुणीतरी तोंडावर मारलं आणि पुढचे दोन दात गेले. बरगडी मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. प्रत्येक घावाला त्याचे हात शिवशिवत होते. त्याने ते पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले आणि मातीत तोंड घालून पडून राहिला. शेवटी सकाळचाच सोंगवाला पुढे आला. त्याच्या फाटक्या कानाभोवती अजून सफेता होता. त्याने येसाजीच्या डाव्या कानावर एक सोटा पूर्ण ताकदीने घातला. मग तो त्याच्या पाठीमागच्या हातांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पुरं. सोडा त्याला."

त्या कानाने येसाजीला पुढे कधीच ऐकू आलं नाही. घरी अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने दोघांना बजावलं, "कुनी इचारलं तर फटफटीवरनं पडला म्हना. तिला बी तेच."

आठव्या दिवशी दादू एस.टी.ने हरिहरेश्वरला गेला. मनुबाई चुलीपुढे होती. तिने वळून पाहिलं नाही.

"वैनी, येश्या अंथरुनावर हाय. दात गेले, बरगड्या गेल्या. फटफटीवरनं पडला."

"हात कसे हायत?"

"हातांना काय बी न्हाय," दादू म्हणाला. "बूट त्यानं त्या दिशीच झुडपात फेकलं. तू बांधलेल्या चिंध्या तो सोडू देत न्हाय. गाठ बी तुजीच हाय."

मनुबाईने चुलीतली लाकडं बाहेर ओढली, त्यांवर पाणी शिंपडलं आणि फळीवरचं गाठोडं खाली घेतलं.